घर घेणाऱ्याचा दलाल : एक ऐतिहासिक विवेचन

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपणां सर्वांच्या तोंडी आहे. तिच्यात घर 'घेऊन' पाहावे असे म्हटलेले नाही, 'बांधून' पाहावे असे म्हटले आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ती म्हण रूढ झाली त्या काळी यजमान स्वतः उभा राहून घर बांधवून घेई. गवंडी कोण, सुतार कोण, चुना कोठल्या भट्टीचा, सागवान कोणाच्या वखारीतले, हे सारे त्यास ठाऊक असे. फसवणूक होई, नाही असे नाही. पण फसविणारा समोर दिसे. आज आपल्या सभासद कुटुंबांपैकी अशा रीतीने घर बांधणारे क्वचितच आढळतील. घर बांधतो एक, विकत घेतो दुसरा, आणि त्या दोघांची गाठ घालून देतो तिसराच कोणी. त्या तिसऱ्याचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

हा विषय निवडण्यास कारण घडले. आपल्या मंडळाच्या कार्यालयात स्थळे व शिष्यवृत्त्या यांच्या खालोखाल जर कोणती विचारपूस होत असेल तर ती अशी : "एखादा विश्वासू दलाल सुचवाल का? शक्यतो आपल्यातला असावा." विचारणारा मनुष्य बहुधा पंचविशी-तिशीतील नवविवाहित मुलाचा पिता असतो. त्याची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम नुकतीच हाती आलेली असते, आणि मुलाच्या डोक्यावर वीस वर्षांचे कर्ज चढावयाचे असते. दलाल प्रामाणिक आहे काय, एवढेच तो विचारतो. दलाल कोणाचा आहे, हे मात्र विचारावयाचे राहून जाते. आमच्या मते ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून पहिल्यास फारसा अर्थ उरत नाही, आणि मुंबईच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात हेच पुनःपुन्हा दिसून येते.

'दलाल' हा शब्द अरबी. तो मराठीत आला तो बाजारपेठेतून. धान्य, कापूस, कापड, गुरे यांच्या व्यवहारात घेणारा आणि देणारा यांची भेट घडवून दोघांकडूनही थोडेथोडे घेणे, ही दलालाची पूर्वापार रीत होती, आणि तीत कोणास काही गैर वाटत नसे. वाटण्याचे कारणही नव्हते. कापसाचा घेणारा आणि विकणारा दोघेही रोज बाजारात उभे राहणारे. भाव त्यांसही दलालाइतकाच ठाऊक असे. एकदा फसला तर दुसऱ्या दिवशी त्याच बाजारात वचपा काढता येई. घराचे तसे नाही. सामान्य मनुष्य जन्मात एकदा, फार तर दोनदा घर घेतो. विकणारा व दलाल यांचा तो नित्याचा धंदा, आणि घेणाऱ्याचा तो पहिलाच दिवस! बाजारातील ही जुनी रीत घराच्या व्यवहारात जशीच्या तशी आली, आणि बिघाडाचे मूळ येथेच आहे.

जुन्या काळी गावात किंवा शहराच्या पेठेत घर विकले जाई तेव्हा दलालाची आवश्यकता भासत नसे. जुनी खरेदीखते ज्यांनी पाहिली असतील त्यांस ठाऊक आहे की त्यांत चतुःसीमा दिलेल्या असतात, म्हणजे पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस तमक्याचा वाडा, आणि अखेरीस साक्षीदार असतात. शेजारी हाच साक्षीदार असे. घरावर कोणाचे कर्ज आहे, भाऊबंदकी आहे की नाही, पावसात कोठली भिंत गळते, हे त्यास ठाऊक असे. आणि उद्या नवा मालक आपल्या भिंतीस लागून राहणार असल्याने खोटे सांगून त्याचाही निभाव लागत नसे.

मुंबईस हे बंधन राहिले नाही. जमिनीची दलाली येथे प्रथम फोफावली ती अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळी कापसाचे भाव भडकले तेव्हा. त्या तेजीत समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि अद्याप पाण्याखाली असलेल्या जमिनीचे भाग दलालांनी हातोहात विकले. १८६५ साली तो सारा डोलारा कोसळला. पण तो श्रीमंतांचा जुगार होता. गिरणीत किंवा कचेरीत नोकरी धरून आलेल्या मनुष्यास त्या वेळी घर विकत घेण्याचे स्वप्नही पडत नसे. त्यास भाड्याची खोली हवी असे, आणि ती त्यास गाववाल्यांच्या ओळखीने मिळे. कोकणातील गावांच्या मंडळांच्या खोल्या होत्या, गोमंतकीय ख्रिस्ती बांधवांचे कूड धोबीतलावाच्या आसपास होते. चाळीत मालकाचा मेहता भाडे गोळा करी, आणि खोली रिकामी होताच त्याची मर्जी सांभाळावी लागे. ह्या मेहत्यास आपण घरदलालाचा पूर्वज म्हणू शकतो. तो पगार मालकाचा खाई आणि चहापाणी भाडेकरूकडून घेई. असो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. चाळींतील कोंदट वस्तीमुळे तो पसरतो ह्या समजुतीने १८९८ साली सरकारने शहर सुधारणा मंडळ स्थापिले. ते इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ह्या नावाने अधिक परिचित आहे. ट्रस्टने जुनी दाट वस्ती पाडून रस्ते काढले आणि गावदेवी, दादर, माटुंगा इत्यादी ठिकाणी नव्या जमिनी आखून दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देण्यास आरंभ केला. मध्यमवर्गीय नोकरदारास अशी जमीन एकट्याने घेणे अशक्यच होते. नेमक्या ह्याच सुमारास एक कायदेशीर वाट मोकळी झाली. १९०४ च्या सहकारी कायद्याने केवळ पतपेढ्या काढता येत असत. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांस मान्यता दिली. तिचा लाभ घेऊन १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी राहिली. मुंबई इलाख्यातील ही पहिली सहकारी गृहसंस्था होय. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. त्यांनी १९०६ साली आपल्या गुरूंच्या नावे पतपेढी काढली होती, तीच पुढे शामराव विठ्ठल बँक झाली. ताडदेवची तालमकीवाडी आजही त्यांचे नाव धारण करून आहे.

ह्या संस्थेचे महत्त्व सामान्यतः 'सहकाराचा आरंभ' म्हणून सांगितले जाते. आमच्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे आहे. घरे हवी असलेल्या माणसांनी एकत्र येऊन जमीन स्वतः मिळविली, बांधणारा स्वतः नेमला, हिशेब आपल्याच सभेपुढे ठेवले. व्यवहार पाहणारा मनुष्य घर घेणाऱ्यांचाच होता, त्यांनीच निवडलेला होता, आणि त्यांनाच जबाबदार होता. म्हणजेच मुंबईत घर घेणाऱ्याला हक्काचा प्रतिनिधी प्रथम मिळाला तो व्यक्तीच्या रूपाने नव्हे, तर संस्थेच्या रूपाने. पुढे अनेक ज्ञातींनी तोच कित्ता गिरविला.

ह्या गोष्टीची दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ज्ञातीच्या भिंतीने आतल्यांस आसरा दिला तसा बाहेरच्यांस मज्जाव केला. परदेशी विद्या संपादून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाल्यावर राहावयास जागा मिळेना, आणि जी मिळाली तीतून त्यांस बाहेर पडावे लागले, हे सर्वविदित आहे. सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा सहकारी गृहसंस्थेचा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ग्राह्य धरला हे खरे. पण दलालाने घर दाखविण्यापूर्वी आडनाव विचारावे आणि ते ऐकून 'जागा गेली' असे सांगावे, हा जो प्रकार आहे, त्याचे समर्थन कोणत्याही ज्ञातीने करू नये. आपल्या मुलांनाही परप्रांती हाच अनुभव येतो, तेव्हा आपणांस तो झोंबतो.

पहिल्या महायुद्धात जागांची टंचाई झाली म्हणून १९१८ साली भाड्यावर निर्बंध घालणारा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी, १९३९ साली, पुन्हा तसाच कायदा झाला, आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी दीर्घकाळ गोठविली. हेतू भाडेकरूच्या संरक्षणाचा होता आणि लक्षावधी कुटुंबांचे त्याने रक्षण केले, ह्यात शंका नाही. परंतु गोठलेल्या भाड्यावर नवी चाळ कोण बांधणार? भाड्याची घरे बांधली जाणे मंदावले, आणि असलेल्या खोलीस एक चोरटी किंमत आली. हीच पागडी. भाड्याखेरीज अशी रक्कम घेणे त्या कायद्याने गुन्हा ठरविले होते, म्हणून ती रोख, पावतीवाचून, आणि मध्यस्थाच्या हातून दिली जाई.

आपल्याकडील दलालाचा स्वभाव घडला तो ह्या पागडीच्या काळात, असे आमचे मत आहे. आमच्या तरुणपणी गिरगावात असे दलाल आम्ही पाहिले आहेत. इराण्याच्या हॉटेलात ठराविक मेजावर ते बसत. खिशात लांबट वही, वहीत खोल्यांची टिपणे. रक्कम त्यांच्या विश्वासावर दिली जाई. त्यांत काही मनुष्ये खरोखर सचोटीची होती. दिलेला शब्द मोडला तर त्या गल्लीत पुन्हा तोंड दाखविता येणार नाही, हे ती जाणून होती. परंतु व्यवहारच मुळात बेकायदा असल्याने फसलेल्याने दाद कोठे मागावी? पोलिसांत जावे तर आपणच गुन्ह्यात सापडावे. कागदावर काही येऊ द्यावयाचे नाही, कोणाकडून किती घेतले ते दुसऱ्यास कळू द्यावयाचे नाही, ही त्या धंद्याची शिस्त होऊन बसली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने, म्हणजे ३१ मार्च २००० पासून, पागडी घेणे कायदेशीर झाले. पण अर्धशतकात अंगी मुरलेली सवय कायद्याने थोडीच जाते!

भाड्याची घरे दुर्मिळ झाली तशी मालकी हक्काच्या सदनिकांची, लोकांच्या भाषेत 'ओनरशिप'ची, चाल पडली. येथे इतिहासास एक विचित्र वळण मिळाले. आधी सभासदांनी संस्था काढावी आणि मग संस्थेने घरे बांधावी, हा गावदेवीचा क्रम होता. आता बिल्डरने आधी इमारत बांधावी, सदनिका विकाव्या, आणि संस्था मागाहून कागदावर उभी राहावी, असा उलटा क्रम सुरू झाला. घर घेणाऱ्यांचा सामुदायिक प्रतिनिधी अशा रीतीने नाहीसा झाला आणि प्रत्येक जण बिल्डरपुढे एकटा उभा राहिला. एकच सदनिका दोघांस विकणे, नकाशात नसलेले मजले चढविणे, जमिनीचे हस्तांतरण वर्षानुवर्षे न करणे, असे प्रकार इतके वाढले की १९६३ साली महाराष्ट्र विधिमंडळास मालकी सदनिकांविषयीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. जमिनीच्या मालकीविषयी वकिलाचा दाखला दाखविणे, मंजूर नकाशा उघड करणे, किमतीच्या शेकडा २० हून अधिक रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार करणे, ही बंधने त्याने बिल्डरवर घातली. दलालाविषयी मात्र त्यात स्वतंत्र प्रकरण नव्हते. आणि दलाल तर ह्याच काळात बिल्डरच्या ओसरीत जाऊन बसला होता. नव्या इमारतीत घर घेणाऱ्यास तो हसतमुखाने सांगतो, "तुमच्याकडून मी एक पैसा घेणार नाही." ते खरेही असते, कारण त्याची दलाली बिल्डरकडून येते. फुकट मिळालेला मार्गदर्शक पाहून आपला मनुष्य संतोष पावतो. त्याच वेळी त्याने सावध झाले पाहिजे.

वास्तविक ह्या रोगावरचे औषध कायद्याच्या पुस्तकात फार पूर्वीपासून आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे दहावे प्रकरण प्रतिनिधी व त्याचा धनी यांच्या संबंधाविषयी आहे. त्यातील कलम २१६ चे उदाहरण तर घराचेच आहे. एका गृहस्थाने आपल्या प्रतिनिधीस अमुक घर विकत घेण्यास सांगितले. प्रतिनिधीने येऊन सांगितले की ते घर मिळत नाही, आणि गुपचूप स्वतःच घेतले. कायदा म्हणतो की हे उघडकीस आल्यावर, त्याने दिलेल्या किमतीस ते घर आपणांस देण्यास धनी त्याला भाग पाडू शकतो. कलम २१९ सांगते की निराळा करार नसेल तर काम पुरे झाल्याखेरीज मेहनताना देय होत नाही. आणि कलम २२० सांगते की ज्या कामात प्रतिनिधीने गैरवर्तन केले त्या कामाचा मेहनताना त्यास मागता येत नाही. हिशेब दाखविण्याचे व अडचणीच्या वेळी धन्यास कळवून त्याची आज्ञा घेण्याचे कर्तव्यही त्यात सांगितले आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात ह्याहून अधिक काय हवे? परंतु ही सारी कवचकुंडले मिळतात ती दलाल आपला 'प्रतिनिधी' असेल तर. नुसता गाठ घालून देणारा मध्यस्थ असेल तर तो आपल्यास फारसा बांधील नसतो.

उलट दलाल आपला प्रतिनिधी झाला की एक जोखीमही पदरी येते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, आपल्या वतीने काम करताना प्रतिनिधीस व्यवहाराशी संबंधित जी गोष्ट कळली, ती धन्यासही कळली असे धरले जाते. म्हणून प्रतिनिधी असा असावा की ज्यास कळलेले आपल्यापर्यंत पोहोचेल.

आमच्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त ज्ञातिबंधूंची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. २०१४ साली त्यांनी ठाण्यास एक जुनी सदनिका पसंत केली. दलाल ज्ञातीतला, वधूवर मेळाव्यात ओळख झालेला. त्याच्याकडे कागद मागणे ह्यांस संकोचाचे वाटले. दोन लाख रुपये इसार दिला. पुढे गृहसंस्थेच्या ना-हरकत पत्रासाठी गेले तेव्हा चिटणिसांनी नोंदवही उघडून दाखविली : सदनिकेवर बँकेचे कर्ज होते आणि मूळ कागदपत्रे बँकेत होती. दलालास हे अगोदरच ठाऊक होते. त्याच कारणास्तव आधीचे एक गिऱ्हाईक परत गेले होते. "तुम्ही विचारले नाहीत," एवढेच तो म्हणाला. विक्रेत्याकडूनही त्याची दलाली ठरली होती, ती बुडविण्यास तो तयार नव्हता. इसाराची रक्कम परत मिळण्यास अकरा महिने लागले, तीही तुकड्यातुकड्याने. त्या दलालास आम्ही लबाड म्हणत नाही. त्याने कोणताही कागद खोटा केला नव्हता, शब्दही खोटा बोलला नव्हता. तो दोन धन्यांचा चाकर होता, एवढेच. ज्ञातीचे नाते मेळाव्यात गोड असते. व्यवहारात ते कागदाची जागा घेऊ शकत नाही, किंबहुना कागद मागण्याची जीभच ते अडवून धरते.

आपल्या ज्ञातीतील कित्येक मुलेमुली अमेरिकेत स्थायिक होऊन तेथे घरे घेत आहेत. ती सांगतात की तेथे 'घेणाऱ्याचा एजंट' निराळा असतो. हे खरे आहे. पण ही व्यवस्था तेथेही फार जुनी नाही. त्या देशात दलालांची राष्ट्रीय संघटना १९०८ साली स्थापन झाली आणि १९१३ साली तिने आपली आचारसंहिता केली. तरीही अनेक दशके घेणाऱ्यास घरे दाखवीत हिंडणारा दलाल कायद्याने विक्रेत्याचाच उपप्रतिनिधी समजला जाई. घेणारा त्यास विश्वासाने सांगे, "मी अमुक रकमेपर्यंत चढेन," आणि ते विक्रेत्यास कळविणे हे त्या दलालाचे कर्तव्य असे! १९८३ साली तेथील सरकारच्या व्यापार आयोगाने चौकशी केली तेव्हा बहुसंख्य खरेदीदारांस हा दलाल आपलाच आहे असे वाटत असल्याचे आढळले. त्यानंतर, विशेषतः १९९० नंतरच्या दशकात, घेणाऱ्याच्या स्वतंत्र एजंटाची पद्धत रुजली. तरी त्याची दलाली विक्रेत्याच्या दलालाकडूनच वाटून येत राहिली. ह्याविरुद्धच्या दाव्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथील ज्यूरीने सुमारे १८० कोटी डॉलरची भरपाई ठरविली. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१.८ कोटी डॉलर देण्याची तडजोड केली. आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून असा नियम झाला की एजंटाने घर दाखविण्यास नेण्यापूर्वी घेणाऱ्याशी लेखी करार करावा, त्यात मेहनताना स्पष्ट असावा. एवढा धनाढ्य, कायद्याने चालणारा देश; पण दलाल कोणाचा हे कागदावर आणावयास त्यासही शंभराहून अधिक वर्षे लागली.

आपल्याकडे २०१६ साली स्थावर संपदा कायदा झाला, जो 'रेरा' नावाने ओळखला जातो, आणि १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे अंमलात आला. दलालास कायद्याने प्रथमच नाव, क्रमांक आणि जबाबदारी दिली ती ह्या कायद्याने. नोंदणीवाचून त्यास नोंदणीयोग्य प्रकल्पातील घर विकता येत नाही, नोंदणी नसलेल्या प्रकल्पाचे घर दाखविता येत नाही, हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात, आणि घेणारा ज्या माहितीस व कागदांस पात्र आहे ते त्यास मिळवून देण्यास साहाय्य करावे लागते. नोंदणीवाचून धंदा केल्यास दिवसास १०,००० रुपये, घराच्या किमतीच्या शेकडा ५ पर्यंत, दंड होऊ शकतो. त्याच्याविरुद्ध तक्रारही करता येते. बिल्डरनेही करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या शेकडा १० हून अधिक घ्यावयाचे नाही. २०२३ साली महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने दलालांस प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची करण्याचे पाऊल उचलले. शिक्षकी पेशात आयुष्य घालविल्यामुळे परीक्षेने शहाणपण येते असा आमचा दावा नाही; तथापि निदान कायद्याचे नाव तरी दलालांस कळले, हेही थोडे नव्हे.

परंतु दोन उणिवा राहतात. एक तर जुन्या सदनिकांचे पुनर्विक्रीचे व्यवहार बव्हंशी ह्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. आणि आपली पुष्कळ कुटुंबे जुनीच घरे घेतात. दुसरे असे की नोंदणीचा क्रमांक म्हणजे खात्री नव्हे. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्यांच्या आधारे ६५ इमारतींची प्राधिकरणाकडे नोंदणी झाली होती. त्या पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. तेथे घरे घेतलेली माणसे आपल्यासारखीच नोकरदार, कर्जाचे हप्ते भरणारी. क्रमांक त्यांनी पाहिला होता. त्यांच्या वतीने महापालिकेत जाऊन मूळ परवानगीशी ताडून पाहणारा मात्र कोणी नव्हता.

हे ताडून पाहणे हेच घेणाऱ्याच्या माणसाचे खरे काम. सूची क्रमांक दोन, मालमत्ता पत्रक किंवा सात-बारा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, गृहसंस्थेचा भाग-दाखला व थकबाकी, मागील तीस वर्षांचा वकिली शोध : हे कागद त्याने मागण्यापूर्वीच आणून द्यावेत. बँकांच्या गहाणांची केंद्रीय नोंदणी २०११ पासून आहे, तीही फी भरून पाहता येते. वर सांगितलेल्या ज्ञातिबंधूंचे अकरा महिने तिने वाचविले असते. वकील मात्र दलालाने सुचविलेला घेऊ नये, आणि कुलमुखत्यारपत्रावर घर विकावयास येणाऱ्यापासून चार हात दूर राहावे. तशा विक्रीने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. दलाली शेकडा एक की दोन, ह्यावर घासाघीस करण्यात आपली माणसे फार श्रम खर्चितात. आमचे मत उलट आहे. घेणाऱ्याने दलाली पुरी द्यावी, पण दलालाने ती फक्त घेणाऱ्याकडूनच घ्यावी.

२०२४ साली आमच्या भाच्याने डोंबिवलीस घर पाहण्यास आरंभ केला तेव्हा आम्ही त्यास एक साधे पत्र लिहून दिले. त्याचा आशय असा : "मी आपणांस माझ्या वतीने घर शोधण्यासाठी माझा प्रतिनिधी म्हणून नेमीत आहे. आपली दलाली ठरल्याप्रमाणे मी एकटा देईन. विक्रेता, बिल्डर किंवा बँक यांच्याकडून आपण काही घेणार नाही, आणि घेतल्यास ते माझ्या देण्यातून वजा होईल. घराविषयी व कागदांविषयी आपणांस जे कळेल ते इसार देण्यापूर्वी मला लेखी कळवाल. मी किती रकमेपर्यंत जाईन हे कोणासही सांगणार नाही. दलाली दस्त नोंदला गेल्यावर देय होईल, इसारावर नव्हे."

तीन दलालांस हे पत्र दाखविले. पहिल्याने हसून परत दिले. दुसरा म्हणाला की बारा वर्षांच्या धंद्यात असा कागद कोणी पुढे केला नाही, आणि तो पुन्हा आला नाही. तिसऱ्याने ते दोनदा वाचले आणि आपल्या बाजूने एक अट घालावयास सांगितली : त्याने दाखविलेल्या घराच्या मालकाशी भाच्याने त्यास वगळून परस्पर व्यवहार करावयाचा नाही. अट न्याय्य होती. ती आम्ही स्वहस्ते शेवटी लिहिली आणि उभयतांच्या सह्या झाल्या. त्या दलालाने पहिली दोन घरे स्वतःच नापसंत केली, एक भोगवटा प्रमाणपत्र नसल्यामुळे आणि दुसरे वारसांच्या भांडणामुळे. तिसऱ्याचा दस्त सहा महिन्यांनी नोंदला गेला. पत्राचा मसुदा मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. रविवारी सकाळी कार्यालय उघडे असते तेव्हा कोणाही सभासदास त्याची नक्कल उतरून घेता येईल.